पाटीला फुटलेली पालवी

लामिन तोएने त्या सकाळी अलिझेताची तब्येत विचारली आणि तिच्या हातातली कुदळ गळून पडली.

नुसती तब्येत विचारून तो थांबला नाही. सायकलवरून उतरला, वावराच्या कडेला उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढली. रात्री झोप लागली का, नवरा बरा आहे का, सुनेचं कसं काय, आयव्हरी कोस्टला कोकोच्या मळ्यात गेलेल्या मुलाची, सालिफची, काही खबर, शेळ्या चरतात ना, असं सगळं त्याने क्रमाने विचारलं. प्रत्येक उत्तराला मान डोलावली. मग "चालू द्या तुमचं काम," म्हणाला आणि सायकल हातात धरून चिखलातून चालत गेला. वावराचं टोक येईपर्यंत तो सायकलवर बसला नाही.

"आई, हा आजारी आहे का?" सिब्दूने विचारलं. सिब्दू म्हणजे अलिझेताची सून.

"हा नाही," अलिझेता म्हणाली. "आपण आहोत."

अलिझेता मोसी, लामिन तोए सामो. मोसी आणि सामो या दोन जमातींत थट्टेचं नातं आहे, आणि ते कधीपासून आहे हे विचारणाऱ्यालाच लोक खुळ्यात काढतात. दोघे भेटले की एकमेकांना गुलाम म्हणायचं, एकमेकांच्या बापाने कुत्र्याची मुंडी कशी चोरून खाल्ली ते चारचौघांत सांगायचं, आणि ज्याला राग येईल त्याची अब्रू गेली असं समजायचं. अलिझेता लग्न होऊन या वाडीत आली त्या दिवशी लामिनने तिला पहिली शिवी दिली होती. तेव्हापासून एकही भेट कोरडी गेली नव्हती. मागच्याच आठवड्यात तो ओरडला होता, "काय गं गुलामे, माझ्या मातीत काय उकरतेस? मुंडी पुरलीस का?" आणि ती म्हणाली होती, "तुझ्या बापाने अर्धी ठेवली होती ना, तीच शोधतेय."

अशा माणसाने टोपी काढून ख्यालीखुशाली विचारणं म्हणजे शेजाऱ्याने वकिलामार्फत बोलायला सुरुवात करण्यासारखं होतं. आणि वावर त्याचं होतं.

वावर म्हणण्यासारखं ते पूर्वी नव्हतं. नूफूच्या, म्हणजे अलिझेताच्या नवऱ्याच्या, बापाने तोएंच्या थोरल्याकडून एक कोंबडा आणि मूठभर कोला, म्हणजे मान म्हणून देतात आणि फोडून वाटून खातात त्या बिया, देऊन जमीन मागून घेतली होती. पेरा, खा, मुलंबाळं वाढवा. फक्त विहीर खणू नका आणि झाड लावू नका, एवढीच अट. झाड लावलं की जमीन लावणाऱ्याची होते. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यातला हा वरचा तुकडा तर टकलाच होता. वर अशी घट्ट खपली धरलेली, की पाऊस पडला तरी पाणी आत न जाता पाहुण्यासारखं उंबऱ्यावरून परत जायचं. गाढव चाललं तर खूर वाजायचे.

त्या टकलावर वाडीतल्या बायकांनी उन्हाळ्यात खड्डे पाडायला घेतले. हातभर रुंद, वीतभर खोल, एकापुढे एक, आणि प्रत्येकात ओंजळ-दोन ओंजळी शेण. पाऊस आला की पाणी खड्ड्यात थांबतं आणि बाजरी त्यातच उगवते. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी कमी हसले. तिसऱ्या वर्षी बायकांनी 'नोंगताबा' नावाची संस्था काढली. नोंगताबा म्हणजे एकमेकींवर माया करा. नाव ठरवताना दोन बायकांचं शेणाच्या पाट्यांवरून भांडण चालू होतं, ते अजून मिटलेलं नाही.

मग जवळच्या तूगान शहरात एक निधी आला. गावोगावच्या लहान संस्थांना स्थानिक अन्न आणि पर्यावरण यांसाठी मदत करणं हे त्याचं काम. आपण गेली तीन वर्षं पर्यावरण करतोय हे नोंगताबाच्या बायकांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं. निधीने त्यांना गाढवगाडी दिली, कुदळी दिल्या, बियाणं ठेवायच्या खोलीवर पत्रा घालून दिला, आणि एक पाटी दिली. पाटी दाराएवढी होती. तिच्यावर हिरव्या रंगात फ्रेंचमध्ये लिहिलं होतं, 'नोंगताबा संस्थेचे सामुदायिक शेत', आणि खाली निधीचं चिन्ह, एक हात आणि एक पान. पाटीसोबत लोखंडी खांब येणार होते. ते आले नाहीत. पाटी मात्र पावसाआधी उभी राहिली पाहिजे, रस्त्यावरून दिसली पाहिजे, असा निरोप आला.

"खांबांचं माझ्यावर सोड," नूफू म्हणाला होता. बायकोच्या संस्थेत आपल्यालाही काही काम असावं असं त्याला फार वाटायचं. ओढ्याकाठच्या जंगली उंबराच्या दोन मांडीएवढ्या फांद्या त्याने तोडून आणल्या. बाभूळ का आणली नाही, तर करवत बोथट होती आणि उंबराचं लाकूड मऊ. फांद्या सरळ होत्या, ओल्या होत्या, खोल गाडल्या, पाटी ठोकली. सगळ्यांनी वाखाणलं.

पाऊस सुरू झाला आणि खांबांना पालवी फुटली.

*

"मग? चार पानं आली," नूफू म्हणाला. दुपारी अंगणात तो पाय पसरून बसला होता. "छान दिसतायत. परवा गाडीवाला थांबून बघत होता."

"सालिफच्या बाबा," अलिझेता म्हणाली, "आपल्या वावरात, पाटीच्या दोन बाजूंना दोन झाडं उभी आहेत. वर लिहिलंय, हे शेत आमचं. लामिनच्या पुतण्याला फ्रेंच वाचता येतं."

नूफूने पाय आखडते घेतले.

"मी झाडं नाही लावली. खांब लावले."

"ते खांबांना सांगा."

सिब्दूने सागबोचं, म्हणजे बाजरीच्या पिठाच्या उकडीचं, पातेलं मध्ये ठेवलं. बाजरी संपत आली होती. पुढची अजून गुडघ्याएवढी उभी होती. सागबो पूर्वी चाकूने कापता यायचा, आता तो पळीवरून ओघळत होता, आणि बरोबर चवळीच्या पाल्याचं कालवण. तिघांनी एकाच भांड्यात बोटं घातली. नूफू नेहमी पहिला घास घेऊन मीठ कमी आहे म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला नाही.

"त्याने तुला टोपी काढून विचारलं?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"शेळ्यांचंसुद्धा विचारलं."

"शेळ्यांचं!" नूफूने हात धुतला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो वावरात गेला आणि खांबांची पानं खुडून आला. पानं खुडली की उंबराचा चीक हाताला चिकटतो आणि काळा पडतो. आता पाटीखालचे खांब निमूट आणि उघडे दिसत होते. तिसऱ्या दिवशी प्रत्येक खुडलेल्या जागी दोन दोन कोंब होते. त्याने तेही खुडले. मग शेळ्या नेऊन बांधल्या. शेळ्यांनी खालची पालवी खाल्ली, वर पोहोचेना म्हणून पाटीचा कोपरा चावला, आणि निधीच्या चिन्हातलं पान गेलं. आता नुसताच हात उरला. चौथ्या दिवशी त्याने आपला जुना सदरा एका खांबाला घातला. लांबून कुणीतरी दोन्ही हात पसरून उभं आहे असं वाटायचं. रस्त्याने जाणारे लोक त्याला नमस्कार करू लागले.

"काढा तो सदरा," अलिझेता म्हणाली. "हसं होतंय."

"हसतायत तर बरंच आहे की. लामिन हसला का?"

लामिन हसला नव्हता. तो रोज सकाळी त्याच वाटेने जायचा आणि रोज टोपी काढायचा.

शेवटी नूफूने एक कोंबडा पकडला, कोला फडक्यात बांधली आणि तोएंच्या वाड्यावर गेला. परत आला तेव्हा कोंबडा काखेतच होता.

"काय झालं?"

"खुर्ची दिली," नूफू म्हणाला.

अलिझेताने डोक्याला हात लावला.

"लोखंडी खुर्ची. पाहुण्यांची. पोराला पाठवून शेजारून आणवली. मी म्हणालो, अरे गुलामा, मला खुर्ची कशाला, मी खाली बसतो. तर म्हणाला, तुम्ही आमच्या दारी आलात, खाली कसे बसाल. पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. करवत बोथट होती हेही सांगितलं. तो म्हणाला, मला राग नाही."

"असं म्हणाला?"

"दोनदा. मग म्हणाला, सुगी होऊ द्या, धान्य घरात जाऊ द्या, मग वावर मोकळं करून द्या. आमच्या वडिलांनी दिलं होतं, आता आम्हालाच लागतंय." नूफू खाली बसला. कोंबड्याला सोडलं. कोंबडा हलला नाही. त्यालाही काही सुचत नव्हतं. "कोला त्याने ठेवून घेतली. पण फोडली नाही. कोनाड्यात ठेवली."

सिब्दूने शेणाची पाटी उचलली आणि उगाचच दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली. टकल्या जमिनीतला प्रत्येक खड्डा वाडीतल्या कुणा ना कुणा बाईने पाडलेला होता. कुदळीचा दांडा आखूड असतो. कंबरेत वाकून काम करावं लागतं, आणि अलिझेताची कंबर गेल्या उन्हाळ्यापासून सकाळी सरळ व्हायला वेळ घ्यायची. नूफू तिला भिंतीशी उभी करून पाठीवर गुडघा टेकवायचा तेव्हा कुठे ती कडकड वाजत ताठ व्हायची. ती सगळी कंबर आता त्या वावरात होती.

*

खुरपणीचे दिवस होते. बायका रांगेने वाकून पुढे सरकत होत्या. खड्ड्यातलं तण बोटांनी काढायचं, कुदळ लावली तर बाजरीची मुळं तुटतात. ढगांतून ऊन पडलं की जमिनीतून वाफ यायची आणि पाठीवर ओलं घोंगडं टाकल्यासारखं व्हायचं. नोंगताबाच्या बायका रोज या वेळी एकमेकींवर माया करत, म्हणजे भांडत. आता सगळ्या गप्प होत्या. तण काढताना प्रत्येकीच्या मनात एकच विचार, हे आपण कुणासाठी काढतोय.

अशातच सिब्दूच्या मोबाइलवर निधीच्या सोमे साहेबांचा फोन आला. बाजाराच्या दिवशी ते पाहणीला येणार होते. पाटीजवळ फोटो काढायचा आहे, सगळ्यांनी रंगीत कपडे घालावेत.

"आता कापूनच टाकतो," नूफू म्हणाला आणि करवत घेऊन आला. या वेळी तिला धार लावून आणली होती.

"ठेवा ती खाली."

"अगं, झाड गेलं की भांडण गेलं."

"आता कापलं तर सगळे म्हणतील, चोरून लावलं आणि पकडले गेल्यावर कापलं. आणि फोटोत काय दाखवणार? पर्यावरणवाला येणार आणि आपण जिवंत झाड कापून त्याच्या स्वागताला उभे!"

नूफू करवत घेऊन तसाच उभा राहिला. धार लावायला त्याने पैसे दिले होते.

"मग ठेवायचं?"

"ठेवलं तर वावर जाईल."

"कापायचं नाही, ठेवायचं नाही. मग मी त्याच्याशी बोलत बसू का?"

"लामिनशी बोलून झालं," अलिझेता म्हणाली. "त्यापेक्षा झाड बरं. खुर्ची तरी देणार नाही."

ती पुन्हा वाकली. दुपारपर्यंत तिने मान वर केली नाही.

*

बाजाराला अजून चार दिवस असताना तोएंच्या वाडीतून ढोल ऐकू आला. सावकाश, एकेक ठोका. लामिनची आत्या गेली.

कादी आत्या इतकी म्हातारी होती की तिच्या मरण्याचं दुःख करायला तिच्या बरोबरीचं कुणी उरलं नव्हतं. दोन्ही डोळे गेलेले. काठी टेकत अंगणभर फिरायची, शेळी वाटेत आली तर शेळीला आणि माणूस आला तर माणसाला काठी घालायची. समोर कुणीही येवो, तिचा एकच प्रश्न, "जेवलास का?" आणि उत्तर काहीही येवो, "खोटं बोलतोस." लामिनची आई तो रांगत असतानाच गेली होती. त्याला या आत्याने वाढवला.

अशा म्हातारीच्या मयताला थट्टेच्या नात्यातल्यांनी गेलंच पाहिजे. जायचं, धिंगाणा घालायचा, मेलेल्याच्या लकबी करून दाखवायच्या, प्रेत अडवून धरायचं आणि काहीतरी घेतल्याशिवाय वाट सोडायची नाही. त्याशिवाय मयताला शोभा नाही. पण खुर्ची देणाऱ्याच्या घरी धिंगाणा कसा घालायचा?

"जाऊन मागे बसू," एक बाई म्हणाली. "रडू आणि येऊ."

"मोसी बाई सामोच्या मयताला रडली तर म्हातारी उठून काठी घालेल," दुसरी म्हणाली.

"चला," अलिझेता म्हणाली. तिने हात धुतले आणि डोक्याचं फडकं सोडून पुन्हा घट्ट बांधलं. सिब्दूने विचारलं, आई, काय करणार. ती म्हणाली, "अजून ठाऊक नाही. पण त्याने टोपी काढून मान द्यावा म्हणून जात नाहीये."

अंगण भरलं होतं. चिंचेखाली ज्वारीच्या दारूची मडकी, त्यांच्याभोवती म्हातारे. घराच्या दाराशी लामिन बसला होता, डोळे लाल, दाढीचे खुंट वाढलेले. बायका आत आल्या तसा तो उठला आणि टोपीला हात घातला.

"या," तो म्हणाला. "बसा."

सगळं अंगण बघत होतं. आता तर सगळ्यांनाच कळलं.

अलिझेता बसली नाही. ती सरळ घराच्या भिंतीशी गेली, तिथे आत्याची काठी टेकून ठेवलेली होती. दारात आत्याची नातसून उभी होती. तिने आपल्या खांद्यावरचं आत्याचं तपकिरी फडकं काढून अलिझेताच्या हातात दिलं. ती तर वाटच बघत असावी.

अलिझेताने फडकं कपाळावर ओढून घेतलं. डोळे मिटले. कंबरेत वाकली, वाकायला तिला नाटक करावं लागलं नाही. काठीने जमीन चाचपत ती अंगणात निघाली. वाटेत एक शेळी होती, तिला काठी बसली. एक म्हातारा होता, त्यालाही बसली.

"लामिन! ए लामिन! जेवलास का?"

ढोलवाल्याने हात थांबवला.

"तुला विचारतेय. जेवलास का?"

लामिन साठीचा होता, आणि हा प्रश्न त्याला रोज विचारला गेला होता. त्याचं तोंड आपोआप उघडलं. "जेवलो, आत्या."

"खोटं बोलतोस! खुर्च्या वाटत फिरतोस गावभर, जेवायला वेळ कुठाय तुला?"

चिंचेखाली कुणीतरी खोकलं. तो खोकला नव्हता.

"आणि माझी झाडं कशी आहेत?" अलिझेता म्हणाली. तिचे पाय थरथरत होते. लोकांना वाटलं, काय हुबेहूब करतेय. "त्या मोसणीच्या वावरात माझी दोन झाडं आहेत. डोळे नाहीत, पाय चालत नाहीत, तरी जाऊन लावली. का लावली विचार."

"का लावलीस गं कादे?" मघाशी काठी खाल्लेल्या म्हाताऱ्याने विचारलं.

"हे गुलाम विसरतात ना, वावर कुणाचं ते! म्हणून खूण करून ठेवली. तोएंच्या मातीत तोएंची झाडं. ह्यांना काय लावता येतंय? ह्यांच्या त्या नूफूची करवत बघितलीस का? लोणीसुद्धा कापत नाही." बायकांमध्ये नूफू उभा होता, त्याने मान खाली घातली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या करवतीचा त्याला अभिमान वाटला. "आणि हा माझा भाचा, मी भरवून वाढवलेला, माझ्याच झाडांवर रुसून बसलाय! म्हणे वावर मोकळं करा. माझी झाडं उघड्यावर टाकतोस? त्यांच्या बुडाशी कोण खुरपेल, तू? तुझी कंबर वाकते का रे?"

ती थांबली. पुढे काय बोलायचं ते तिच्याजवळ उरलं नव्हतं. मिटलेल्या डोळ्यांनी ती काठीवर वजन टाकून उभी राहिली. घाम पाठीवरून खाली चालला होता.

लामिनने टोपी तोंडावर धरली. त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय की हसतोय ते कळेना. बराच वेळ दोन्ही चाललं होतं.

"चोर!" टोपीमागून आवाज आला. मग टोपी खाली आली. "गुलामे! रांडे! मेलेल्या बाईच्या अंगावर झाडं ढकलतेस? तुझ्या बापाने कुत्र्याची मुंडी चोरली तेव्हा तीसुद्धा माझ्याच आत्याच्या अंगावर ढकलली होती!"

"अर्धीच ढकलली," अलिझेता म्हणाली. "अर्धी तू खाल्लीस."

अंगण फुटलं. ढोलवाल्याने दोन्ही हातांनी ढोल बडवायला घेतला. अलिझेता दारात आडवी पडली, आत्याला बाहेर नेऊ देणार नाही म्हणून. लामिनने तिला लाथ मारल्यासारखं केलं, घरात गेला, कोनाड्यातली नूफूने आणलेली कोला आणली, सगळ्यांसमोर फोडली, अर्धी स्वतः चावली आणि अर्धी तिच्या तोंडात कोंबली. कोला कडू असते. अलिझेताने ती शेवटच्या तंतूपर्यंत चघळली.

मग आत्या बाहेर निघाली.

*

बाजाराच्या दिवशी सोमे साहेब आले. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यापर्यंत चिखल. गाडी ओढ्यातच अडकली होती. माणूस सज्जन होता. त्यांनी बाजरी बघितली, खड्ड्यात हात घालून ओल बघितली, बियाण्याच्या खोलीचं कौतुक केलं. मग पाटीसमोर येऊन थांबले. पाटीचा कोपरा चावलेला होता आणि दोन्ही बाजूंनी हिरवेगार झुबके आले होते.

"हे खांब..."

"झाडं आहेत," सिब्दू फ्रेंचमध्ये म्हणाली.

"कुणी लावली?"

नूफूने तोंड उघडलं. अलिझेताने त्याच्या पायावर पाय दिला.

"माझ्या आत्याने," लामिन म्हणाला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. जमीन आपली आहे म्हटल्यावर तो सकाळपासून येऊन बसला होता.

"अरे वा. त्यांना भेटता येईल?"

"थोडा उशीर झाला. परवाच पुरली."

सोमे साहेबांनी चष्मा काढला, दुःख व्यक्त केलं, चष्मा घातला आणि कागद काढला. त्यांच्या कागदावर 'जमीनमालक घराण्याचा सहभाग' असा एक रकाना होता आणि तो आजवर कुठल्याच गावात भरला गेला नव्हता. ते भराभरा लिहू लागले.

"वय?"

"शंभर असेल," लामिन म्हणाला. "नसेलही."

"वृद्धांचा समावेश," साहेब पुटपुटले.

"डोळे नव्हते तिला."

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी आदराने वर पाहिलं. "दिव्यांगांचाही," ते म्हणाले आणि मागच्या बाजूला लिहू लागले, कारण पुढची जागा संपली होती.

लामिनला आणखी एक म्हणायचं होतं. पाटीवर संस्थेचं नाव आहे, आत्याचं का नाही? साहेब म्हणाले, पाटीचा मजकूर राजधानीत ठरतो, तो बदलता येत नाही. पण खाली लहानशी पूरक पाटी लावायला हरकत नाही. सिब्दूने टोमॅटोच्या डब्याचं झाकण आणलं आणि त्यावर रंगाने लिहिलं, 'झाडं: कादी तोए.' नूफूने ते ठोकलं. फोटो निघाला. फोटोत सगळ्या बायका रंगीत कपड्यांत ताठ उभ्या होत्या, आणि लामिनने ऐनवेळी अलिझेताच्या डोक्यामागे बोटांनी कुत्र्याचे कान केले होते.

साहेबांची गाडी गाढवांनी ओढ्यातून बाहेर काढली. बायका घरोघर गेल्या. अलिझेता रेंगाळली. सुगीनंतरचं काय, हे अजून कुणीच बोललं नव्हतं, आणि तिची विचारायची छाती होत नव्हती. ती उगाच एका खड्ड्यातलं तण काढत बसली, तिथे तण नव्हतं तरी.

लामिन झाडांच्या पलीकडे गेला होता. तिथे वावर संपून तोएंचीच आणखी एक पट्टी सुरू व्हायची, टकली, पांढरट, अलीकडच्यापेक्षाही वाईट. पावसातसुद्धा तिच्यावर गवताची काडी नव्हती.

"ए गुलामे, इकडे ये!"

ती गेली. मागोमाग नूफू गेला.

"ही बघ," लामिन म्हणाला. "इथे शेळीसुद्धा मुतायला थांबत नाही. उन्हाळा आला की इथपासून त्या दगडापर्यंत खड्डे पाडायचे. माझ्या आत्याच्या झाडांना पलीकडे उजाड दिसता कामा नये."

"आणि अलीकडचं वावर?" नूफूने विचारलं.

"अलीकडच्याचं काय? ते काय मी करू? मग गुलाम कशाला पाळलेत?" लामिन सायकलवर बसला, तिथल्या तिथे, वावरातच, आणि धडपडत रस्त्याला लागला.

"त्या दगडापर्यंत!" नूफूने दगडाकडे बघितलं. दगड फार लांब होता. "मेलो. अगं, तुझी कंबर..."

अलिझेताने टाच आपटून बघितली. जमीन जराही दबली नाही. टाच मात्र ठणकली. तिने दुसऱ्या जागी आपटली. तिथेही तसंच. इतकी मुर्दाड, इतकी नालायक जमीन तिने जन्मात बघितली नव्हती. ती पट्टीच्या या टोकापासून दगडापर्यंत टाच आपटत, लंगडत, हसत चालत गेली, आणि तिथून हात तोंडाशी धरून ओरडली, "सालिफच्या बाबा, सगळीकडे अशीच आहे!"